निवत ठेवलेली काच

“झाकण कुणी उघडलं?”

दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. टेकडीखालच्या दर्ग्यामागं हसनबाबांची काचेची भट्टी आहे. तिच्यापासून चार हात लांब बाबा पटकुरावर बसले होते. चाळीस वर्षं जाळात बघून बघून त्यांचे डोळे गेलेले. पण गालाला ऊब लागली, तशी मान वळलीच.

त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या शेवंताचा हात अजून झाकणावर होता.

“मीच, बाबा. जरासं. दोन बोटं.”

“आकडा किती?”

“तीनशे अंश.”

“आणि मी काय सांगितलं होतं?”

“काच सावकाश निवू दे, उद्या सकाळपर्यंत हात लावू नको म्हणून.”

आतून एक बारीक आवाज आला, बांगडी वाढावी तसा...

शेवंतानं घाबरून झाकण सोडलं. तेही नीट बसलं नाही.

या महिन्यात तडकलेली ही तिसरी काच.

शेवंताचा हात चांगला होता, आणि ते तिला ठाऊकही होतं. आगीत न जळणारा जाड कागद कातरून ती भट्टीत मांडायची, वर काचेचे दोन तक्ते ठेवायची. काच तापून लोण्यासारखी झाली की दोन्ही तक्ते एकजीव होऊन त्या कागदावर बसायचे, आणि त्याचे सगळे उंचवटे अंगावर घ्यायचे. चंद्र, डोंगर, ढग, उडणारे बगळे. जे जे माणसाच्या हाताला लागत नाही ते सगळं.

हे सगळं तिच्या बकुळसाठी. पाच वर्षांची पोर. डोळे कडेकडेनं विझत चाललेले. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगून टाकलं होतं, वर्ष, फार तर दोन. डोळे गेल्यावर पोरीनं चंद्र कुठं शोधायचा? निदान बोटांना तरी सापडावा, एवढंच शेवंताच्या मनात होतं.

“काचच हलकी येते हल्ली,” ती म्हणाली.

“हं.”

“आणि वेळ कुठाय माझ्यापाशी? तुम्हाला काय कळणार ते...”

बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

बाबा हसले. “खरंय. आंधळ्याला काय कळणार! मागची फुटकी आण बघू इकडं.”

तिनं ती काच आणून त्यांच्या मांडीवर ठेवली. बाबांची बोटं सावकाश फिरली.

“भाकरी छान थापलीस.”

“चंद्र आहे तो!”

“असं होय. आणि हे उपडं घमेलं?”

“डोंगर.”

“पोर काय म्हणाली? भाकरी का चंद्र?”

“तिला दाखवलीच नाही अजून. डोळे गेल्यावर लागेल ना. तेव्हासाठी ठेवलीय.”

“आत्ता कुठाय ती?”

“घरी. सासूबाईंजवळ.” शेवंता पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. “डोळे बांधून बसवलीय.”

बाबांची बोटं थांबली.

“रोज दुपारी तासभर बांधते फडकं. सवय नको का व्हायला, बाबा? मी काय जन्माला पुरणार आहे तिला? आधी लई रडायची. ओढून काढायची फडकं.”

“आणि आता?”

“आता नाही रडत.”

“मग?”

“आता... बोलतच नाही. फडकं सोडलं तरी नाही. आज चौथा दिवस.”

बाहेर लिंबाची पानं गळत होती.

बाबांनी बाजूचा कुरुंदाचा दगड घेतला, पाण्यात बुडवला आणि फुटक्या काचेची धार घासायला लागले. खर्र... खर्र...

शेवंतानं विचारलं, “तुमचे एकदम गेले का हो डोळे?”

“नऊ वर्षं लागली.” दगड चालूच होता. “बायको रोज एक भांडं हातात द्यायची. म्हणायची, बघूनही घ्या नि चाचपूनही घ्या. ती गेली. भांडी आहेत. अजून पितळेचा पिवळा रंग लागतो माझ्या बोटांना.”

शेवंतानं बोटाला गुंडाळलेला पदर सोडला.

बाबांनी काचेची कड स्वतःच्या गालावरून फिरवून पाहिली. कुठं टोचली नाही.

“आज तिथी कोणती?”

“शुद्ध बारस.”

“म्हणजे ऊन असतानाच चंद्र वर येईल, पोरीला दिसेल. ही घेऊन जा. आजच.”

“फुटकी?”

“तडा डोंगराला गेलाय. चंद्र धड आहे.”

शेवंता उठली. जाता जाता भट्टीकडं वळली. हात लागला की काम उरकून टाकायची खोडच होती तिला.

“आतली तर गेलीच आहे. काढून टाकते, भट्टी मोकळी होईल.”

बाबा चाचपत पुढं आले. तिचा हात त्यांनी बाजूला केला. तिरकं राहिलेलं झाकण दोन्ही तळव्यांनी हळूच बसवलं, झोपल्या लेकरावर पांघरूण घालावं तसं.

“बाबा, फुटलेली काच निववून करायचं काय?”

“फुटलीय. पण गरम आहे ना अजून? सावकाश निवली तर उरलेली तरी धड राहील.”

काच पोटाशी धरून ती निघाली. उंबऱ्यात मात्र पाय अडला.

“बकुळ बोलेल का हो परत?”

बाबांचे हात झाकणावरच होते.

“जाताना वाटेत जो जो भेटेल त्याला सांगत जा, घरी पोचलीस की स्वतःलाही सांग,” ते म्हणाले, “आत काच निवतेय. झाकण कुणी उघडू नका.”