वरून हिरवंगार

समुद्राच्या मधोमध एक बेट होतं. बेटावर जंगल होतं, जंगलाला हत्ती राजा होता. वाघ एकही नव्हता, म्हणून राजा फार शूर म्हणून गाजला होता.

शोभेला म्हणून राजाने होडीतून आठ चितळं आणवली. चितळांचा बिचाऱ्यांचा काय दोष? मागे वाघ नाही, पुढे पाला आहे. आठांची आठशे झाली. त्यांचं तोंड पोचेल तिथवरचा पाला संपला. पण आठशे मतं राजाला पडली, तेव्हा चितळांना ‘मूळ रहिवासी’ असा दाखला मिळाला.

भागाबाई पिसोरी म्हणजे सशाएवढी हरिणी, पण जीभ विळ्यासारखी. जमिनीलगतचं सगळं रान खाऊन झालं होतं; उरली होती तिची एकच कळकाची, म्हणजे बांबूची जाळी. तिच्यात लेकीचं पाडस लपायचं. बाहेर पडलं की वर गरुड टपलेला. गरुड म्हणजे राजाचा वनमंत्री.

भागाबाई तडक दरबारात गेली. “महाराज, रान खालून ओकंबोकं झालंय.”

गरुड म्हणाला, “मी हवाई पाहणी केली. वरून हिरवंगार आहे.”

“उंटावरून शेळ्या हाकणारे पाहिलेत, तुम्ही ढगावरून हाकताय! महाराज, तुम्ही तरी जरा वाकून बघा.”

कोल्हा कारभारी खेकसला, “मावशी, राजे वाकत नसतात!”

“मग पडल्यावर बघतील,” भागाबाई म्हणाली.

राजा हसला. त्याने सोंड उंचावून भाषण ठोकलं, “पाला वर आहे, जनता खाली आहे. दोष पाल्याचा नाही, उंचीचा आहे! प्रत्येक बुटक्याला शिडी देऊ!”

“घरोघरी शिडी!” चितळं ओरडली.

शिडीला कळक लागतात. कळक एकाच ठिकाणी उरले होते. दुपारपर्यंत भागाबाईची जाळी तुटली आणि संध्याकाळी वाजतगाजत तिच्याच जाळीची शिडी तिला भेट मिळाली. सोबत राजाच्या हसऱ्या चित्राचा भलामोठा फलक. खुरांनी शिडी चढायची कशी, हे कुणी सांगितलं नाही.

पाडस उघड्यावर आलं. गरुड घिरट्या घालू लागला. भागाबाईने लाथ घालून शिडी आडवी पाडली, फलक शिडीवर तिरका टेकवला आणि पाडसाला फलकाखाली ढकललं.

“ये रे मंत्र्या! मार नखं! पण आधी राजाच्या तोंडावर मार!”

गरुड घिरट्या घालून दमला. शेवटी दरबारात जाऊन त्याने अहवाल दिला, “लाभार्थी महाराजांच्या छायेत सुखरूप आहेत.”

राजा इतका खूश झाला की तेव्हापासून त्या बेटावर झाडं लावत नाहीत, फलक लावतात.