हायड्रोजन, हेलियम आणि पेटी

टेंभापूरच्या सरकारी कनिष्ठ महाविद्यालयात विज्ञानाबरोबर संगीत, नाट्य, चित्रकला, पाली असं सगळं शिकायला मिळे. शिक्षण उपसंचालक दाभोळेसाहेबांना तेच खटकायचं. स्नेहसंमेलनाला पाहुणे म्हणून आले आणि आल्या आल्या गरजले, "ही थेरं जूनपासून बंद! पोरांना फक्त विज्ञान शिकवा."

"जूनपासून कशाला साहेब? आत्तापासूनच!" प्राचार्या गजभियेबाई हसून म्हणाल्या आणि लगबगीने पडद्यामागे गेल्या.

पडदा उघडला. एका मुलीने सगळी मूलद्रव्यं ओळीने धडाधड म्हणून दाखवली. साहेबांनी खूश होऊन टाळ्या पिटल्या. मग दुसरी आली, तिनेही मूलद्रव्यंच म्हटली. तिसऱ्याने "हायड्रोजन, हेलियम" सुरू करताच पोरं हसून लोळायला लागली.

साहेब कातावले. "अहो बाई, एखादं गाणं, नाटक काही आहे की नाही?"

"होतं साहेब. मघाशीच बंद केलंत."

"पण तेच ते माणसानं ऐकायचं तरी किती?"

"तुम्ही तिसऱ्या खेपेलाच कंटाळलात, साहेब. या मुलांना दोन वर्षं काढायचीत."

साहेब खो खो हसत म्हणाले, "हरलो! काढा ती पेटी बाहेर."

पेटी आली. वाजवायला बसली ती मूलद्रव्यं म्हणणारी पहिलीच मुलगी.