पैलवानाची हाडं

"वस्ताद, पैलवानाची हाडं पोकळ हुत्यात का कवा?"

सर्जेराव मगदुमांनी तालमीच्या दारातच विचारलं. चपला अजून पायातच होत्या. वय अडुसष्ट. ऐन उमेदीत त्यांची पाठ मातीला लावणारा गडी पंचक्रोशीत नव्हता.

बाबालाल वस्ताद कुस्तीच्या मातीच्या हौद्याकडेला कट्ट्यावर बसले होते. नव्वदीला टेकलेले.

"कोण म्हणतंय?"

"डॉक्टर. मशिनीत घालून बघितलं. म्हणाला, हाडं ठिसूळ झाल्यात, पडू नका. रोज चाला, गोळ्या घ्या."

"मग, घेतोस?"

"बायकांचा आजार म्हणत्यात त्यो... मी कशाला घेऊ?"



तालमीत आता चार-दोन पोरंच येत. पण तांबड्या मातीला ताकाचा, हळदीचा, तेलाचा तोच जुना वास होता. त्या वासानं सर्जेरावांना पहाटेचे शड्डू आठवले. कुणी कुस्तीचा फड मारून आला की सगळ्यांनी एकाच भांड्यातून प्यायलेली थंडाई आठवली. किती चांगले दिवस होते ते! आणि कसे हातातून गेले, कळलंही नाही.

"खरं सांग," वस्ताद म्हणाले. "हाडांचं रडगाणं गायला तू एवढ्या लांब आला न्हाईस."



"नात हाय, वस्ताद. दहा महिन्यांची. मला बघितलं की दोन्ही हात वर करती... महिना झाला, घेतली न्हाई."

"का?"

"घेतली आन् पडलो तर?"

"मग हात वर केल्यावर काय करतोस?"

"...तोंड फिरवतो."

वस्तादांनी हौद्याकडे बोट केलं. "बस."

"कुठं?"

"मातीत."

चपला काढून, कट्ट्याचा आधार घेत सर्जेराव हळूहळू हौद्यात टेकले. वस्तादांनी हात लांबवून चिमूटभर माती उचलली आणि त्यांच्या कपाळाला लावली. एवढ्या मोठ्या गड्याला हुंदका आवरेना.

"गोळ्या घ्यायच्या. चालायचं. आन् घरी गेलास की अशीच मांडी घालून नात मागायची."

"बसून?" सर्जेरावांनी डोळे पुसत मान वर केली. "पैलवानानं पोर घ्यायचं म्हंजे उभ्यानं, पार डोक्याच्या वर! बसून घेणारा आजा कसला, वस्ताद? त्यात काय राम हाय?"

वस्ताद हसले. दात एकही नव्हता.

"माझी कंबर मोडली, तवा मी पंचविशीत हुतो. तू आलास त्याच्या लई नंतर. तुझ्यासकट अकरा पैलवान ह्याच कट्ट्यावरनं घडवलं... मला उभा कवा बघितलास रं, सर्ज्या?"