घाटपांडे साहेबांची ओळ

काळवट धरणाचे जुने इंजिनियर घाटपांडे साहेब वारून कित्येक वर्षं लोटली, तरी कंट्रोल रूममधला दुपारचा चहा आधी त्यांच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवावा लागे, आणि कुणी हात न लावता कप रिकामा होई.

दरवाजांच्या यंत्राला हुकूम देणाऱ्या संगणकातल्या फाइलमध्ये त्यांची एक ओळ होती : पाच वाजता दरवाजे उघड. त्यांच्या काळी धरणाखाली नुसते खडक होते, आता तिथे वस्ती होती. ओळ पुसली की ती पुन्हा उमटे. रोज माणसं चाकं आवळून दरवाजे कसेबसे थोपवत. पण आज धरण काठोकाठ भरलं होतं; त्या दाबापुढे हातांचा जोर पुरणार नव्हता आणि वस्ती वाहून गेली असती.

नवी इंजिनियर मृण्मयी खैरमोडे फाइल उघडून बसली, तोच बंद पडलेल्या भोंग्यातून आवाज आला, "माझं अक्षर पुसणारा अजून जन्मायचाय!"

सगळे भिंतीला चिकटले. मृण्मयीने मात्र विचारलं, "साहेब, तुमचं एकही अक्षर पुसायचं नाही, एवढीच अट ना?"

"एवढीच! मग मी आड येणार नाही."

तिने ओळीच्या आधी फक्त # हे चिन्ह घातलं.

पाच वाजले. दरवाजे हलले नाहीत. भोंगा खरखरला, "काय केलंस?"

"पुसलं काहीच नाही, साहेब. हे चिन्ह पुढे असलं की ती ओळ माणसांनी वाचायची. यंत्र ती सोडून देतं. भिंतीवरच्या तुमच्या तसबिरीसारखंच. रोज हार घालू, हुकूम मात्र घेणार नाही."

दुसऱ्या दिवशीही खुर्चीपुढे चहा ठेवला. तो साय धरून तसाच गार झाला.