भर दुपारचे मैदान

नदीच्या वळणावर साग आणि ऐनाचे दाट रान होते, आणि त्या रानात खेळाचे वेड असलेली एक सांबरीण राहत असे. रानडुकरीण, कोल्हीण, लांडोर आणि आणखी सात-आठ जणींना जमवून तिने एक संघ बांधला होता. वेलींचा घट्ट विणलेला चेंडू पायाने ढकलत न्यायचा आणि समोरच्या दोन खुंटांमधून पार करायचा, असा त्यांचा खेळ. मुलांनो, तुम्ही त्याला फुटबॉल म्हणता. रानातल्या नरांचाही असाच एक संघ होता. मैदान मात्र एकच होते, आणि कोणी केव्हा खेळायचे हे एक म्हातारा वानर ठरवत असे. नरांना त्याने रोजची संध्याकाळ दिली होती. माद्यांना दिली होती भर दुपार, तीही मैदानाच्या खडकाळ कोपऱ्यात.

फाल्गुन लागला तसे खडक तापू लागले. एके दिवशी खेळता खेळता कोल्हीण मटकन खाली बसली. तिच्या तळव्यांना फोड आले होते. सांबरीण तशीच वानराकडे गेली. "वानरबुवा, आठवड्यातली एक तरी संध्याकाळ आम्हाला द्या," ती म्हणाली. वानर अंग खाजवत म्हणाला, "अहो बाई, देईन की. पण तुमचा खेळ बघायला येतं कोण? आधी बघणारे आणा, मग संध्याकाळ मागा." सांबरीण म्हणाली, "भर दुपारी सगळं रान सावलीला झोपलेलं असतं. बघणारे आणू कुठून?" "तेच तर मी म्हणतोय," वानर समाधानाने म्हणाला. "कोणी येत नाही." तिने पुन्हा समजावून सांगितले, त्याने पुन्हा तेच उत्तर दिले. असे ती पाच वेळा गेली आणि पाच वेळा परत आली. पाचव्या खेपेला तर तो म्हणाला, "इतक्या चिडता कशाला? खेळात मन शांत हवं." आता अशा वेळी कोणाचे मन शांत राहील, तुम्हीच सांगा.

त्याच सुमारास थंडी सरल्यामुळे उत्तरेकडे परत निघालेला एक चक्रवाक पक्षी नदीवर उतरला. माद्यांचा भरदुपारचा खेळ पाहून त्याला नवल वाटले. तो वानराला म्हणाला, "मी पुष्कळ मुलूख बघितले. डोंगरापलीकडच्या कुरणांत माद्यांचा सामना असला की झाडावर बसायला फांदी मिळत नाही. त्याच्याही पुढे, बर्फाच्या देशात, सामना बघायला दोन-दोन दिवस चालत येतात. तुमच्याकडे या बिचाऱ्या उन्हात का भाजताहेत?" वानर म्हणाला, "ते तिकडचं. आपल्याकडे असलं चालत नाही." चक्रवाकाने विचारले, "चालवून पाहिलंत का?" वानर म्हणाला, "जे चालत नाही ते चालवून कशाला पाहायचं?" चक्रवाक सरळ सांबरिणीकडे गेला. "त्याला विचारत बसलीस तर म्हातारी होशील," तो म्हणाला. "नदीचं पाणी ओसरलंय. एवढी सपाट वाळू मोकळी पडली आहे, आणि ती काही त्याच्या ताब्यात नाही. पलीकडच्या रानातही माद्यांचा एक संघ आहे. जाता जाता त्यांना तुझा निरोप देतो."

संघाची मात्र हिंमत खचली होती. रानडुकरीण म्हणाली, "वाळूत पाय रुततात. आणि कोणीच आलं नाही, तर वानरबुवांचंच खरं ठरेल." सांबरीण कंटाळलेल्या आवाजात म्हणाली, "ठरू दे. पण निदान संध्याकाळच्या गारव्यात हरू." तिसऱ्या दिवशी पलीकडचा संघ उथळ पाण्यातून चालत आला. ऊन उतरले आणि सामना सुरू झाला. पहिल्यांदा काठावर होता एक बगळा, तोही मासे धरायला आलेला. मग पाण्यावर आलेली चितळे प्यायची थांबली आणि बघत उभी राहिली. त्यांचा गलबला ऐकून मोर आले, तरस आले, पलीकडच्या काठावर नीलगाईंची रांग लागली. लांडोर चेंडू घेऊन कडेने अशी काही धावली की म्हातारे अस्वलसुद्धा बसल्या जागेवरून उठले. कोल्हिणीने दुखऱ्या पायानेच एक गोल केला. शेवटी सांबरिणीचा संघ दोनास तीन असा हरला, पण काठावरून कोणी हलले नाही. तोवर मैदानावरचा नरांचा संघही खेळ अर्धवट टाकून तिथे आला होता, कारण त्यांचा सामना बघायला एक कासवच उरले होते. गर्दीतून एकच प्रश्न येत होता, "पुढचा सामना कधी?"

एवढ्यात गर्दी बाजूला सारत वानर वाळूवर आला. "मित्रहो," तो घसा साफ करून म्हणाला, "या मुलींमध्ये गुण आहेत हे मी पहिल्यापासून सांगत आलो आहे. म्हणूनच त्यांना दर महिन्याला एक संध्याकाळ देण्याचं मी ठरवलं आहे." सांबरिणीने डोळे मिटले, एक मोठा श्वास सोडला आणि डोळे उघडले. "एका दिवसाआड," ती म्हणाली. "संध्याकाळ. आणि मधलं गवताचं मैदान, खडकाळ कोपरा नाही." वानर म्हणाला, "बाई, एकदम एवढं कसं जमेल? हळूहळू..." काठावर एवढी शांतता पसरली की त्याचे वाक्य तिथेच अडले. त्याने एकदा चितळांकडे पाहिले, एकदा अस्वलाकडे पाहिले. "एका दिवसाआड," तो पुटपुटला. मग सावरून म्हणाला, "आता या आनंदाच्या प्रसंगी मी दोन शब्द..." सांबरीण म्हणाली, "वानरबुवा, पलीकडच्यांना अंधाराच्या आत नदी ओलांडायची आहे, आणि त्यांना अजून एक डाव हवा आहे. तुम्ही खुंटांच्या मधोमध उभे आहात. जरा सरका."

तात्पर्य : दार लावून घ्यायचे आणि वर 'कोणी येतच नाही' म्हणायचे, अशा शहाण्याशी वाद घालण्यात दिवस घालवू नयेत, मोकळी जागा शोधावी आणि खेळायला लागावे, बघणारे आपली वाट आपण शोधत येतात.