शंभर टक्क्यांचा गेनू

एका तालुक्याच्या गावी गेनू नावाचा एक भोळा कारकून होता. कोणी ‘जरा बसा’ म्हटलं, की किती वेळ ते विचारून बसायचा. तो कर्णबधिर मुलांच्या शाळेत कामाला होता. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत बारा मुलांना कानाची यंत्रं हवी होती. नाहीतर त्यांचं आणखी एक वर्ष नुसतं फळ्याकडे बघण्यात जाणार होतं.

शाळा चालवणाऱ्या शालनताईंनी दोनशे देणगीदारांची यादी गेनूला दिली. सगळ्यांना ईमेल पाठव, म्हणाल्या, आणि शंभरातल्या किती जणांनी तो उघडला हे संगणकावर दिसतं, ते मला सांग. गेनूनं पाठवला. शंभरात चौदा जणांनी उघडला.

“वरची ओळच मिळमिळीत आहे,” ताई म्हणाल्या. “ओळ अशी हवी, की उघडल्याशिवाय राहवू नये.”

गेनूनं दुपारभर विचार केला आणि लिहिलं: ‘तुमच्या घराला आग लागली आहे.’ शंभरात शहाण्णव जणांनी उघडला. सरोदे गुरुजी तर न्हाव्याच्या खुर्चीतून उठून, अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून, घरी धावले. घर जागच्या जागी होतं. मग ते तसेच शाळेत आले, आणि जे बोलले ते मुलांना ऐकू आलं नाही हे बरंच झालं.

ताईंनी गेनूला समज दिली. खोटं लिहायचं नाही, खरं असेल तेच लिहायचं.

गेनूनं हे गाठीशी बांधलं. दुसऱ्या दिवशी आभाराचे ईमेल जायचे होते. सातपुते वकिलांनी पाचशे रुपये दिले होते. गेनूनं लिहिलं: ‘आभार. एवढ्यात यंत्राचं बटणसुद्धा येत नाही. तुम्ही मात्र नवी गाडी घेतलीत.’ सगळं खरं होतं. वकिलांनी कळवलं, मला पुन्हा ईमेल पाठवू नका.

ताईंनी कपाळाला हात लावला. मग गेनूला समोर बसवून म्हणाल्या, “ज्याला आपण नको आहोत, त्याला हात जोडावेत आणि यादीतून नाव काढावं. मागे लागू नये.”

गेनू यादी घेऊन बसला. एखादा जरी ईमेल न उघडणारा म्हणजेच ज्याला आपण नको आहोत तो, हे त्याचं त्यालाच कळलं. एकेक नाव काढता काढता यादीत नऊ जण उरले. नऊही जण प्रत्येक ईमेल उघडणारे. विश्वस्तांच्या सभेत ताईंनी आकडा वाचला: शंभर टक्के. विश्वस्तांनी टाळ्या वाजवल्या. पैसे किती आले, हे कोणी विचारलं नाही. गेनूला शाल मिळाली.

शाळा उघडायला चार दिवस उरले, तेव्हा गुळाचे व्यापारी आप्पा कोठावळे आले. ताई बाहेर गेल्या होत्या. आप्पांनी बाराही यंत्रांचा चेक टेबलावर ठेवला. गेनूनं यादी पाहिली. मग उभं राहून हात जोडले.

“आप्पा, तुमचं नाव काढलंय. तुम्ही आमचा एकही ईमेल उघडला नाही.”

“मला कुठं येतंय ते? म्हणून तर चालत आलो.”

“ते ठीक आहे. पण तुम्हाला घेतलं तर नवाचे दहा होतात, आणि आकडा नव्वदवर येतो.”

आप्पांना वाटलं, शाळेची गरज भागली असावी. त्यांनी चेक खिशात घातला. वाटेतल्या देवळाला कळस हवा होता, तेवढे पैसे तिकडे देऊन टाकले.

संध्याकाळी ताई आल्या. गेनू शाल पांघरून दारातच उभा होता.

“ताई, आज एक माणूस आपला आकडा पाडायला आला होता,” तो म्हणाला. “बारा यंत्रांचं आमिष दाखवत होता. पण मी बधलो नाही.”