सावलीतली पहिली टोपली

एका राज्यात सूर्य रोज उगवायचा, पण ऊन पडत नसे. वज्रसेन राजानं काळभद्र मांत्रिकाच्या डोंगरातला सोन्याचा हंडा उपसला आणि मांत्रिकानं तो डोंगर आभाळाला टेकवला. म्हणाला, "राजा, सगळ्यांच्या आधी हात घालायची तुला खोड. ज्या दिवशी प्रजेच्या मागं बसशील नि हंडा परत धाडशील, त्या दिवशी ही सावली फिटेल." राजानं ते हसण्यावारी नेलं. त्याला काय, रिवाजच होता तसा: कुणाच्याही वाफ्यातली पहिली टोपली राजवाड्यावर. मोडणाऱ्याचं मुंडकं वेशीवर.

तीन वर्षं गेली. लोक हट्टानं ज्वारीच पेरत राहिले. पांढरी काडी यायची, दाणा कसला भरतोय! येसू माळणीचा नवरा पहिल्याच वर्षी गेला. मागं दोन पोरी राहिल्या, थोरली रखमा नि धाकटी ठकी. ठकीला आता उठवतही नव्हतं.

एके दिवशी कुंपणावर भारद्वाज पक्षी येऊन बसला नि बोलला, "येसू, तीन कामं करशील?"

"करीन."

"तीन दिवस काही पेरू नकोस. उजेड कुठं किती टिकतो ते बघ नि राखेनं रेघा ओढ. मग ज्या जागेला जे सोसेल तेच लाव. जरा उजेड तिथं माठ, ओल तिथं अळू, काळोख तिथं सुरण. आणि पहिली टोपली सगळ्यात भुकेल्या तोंडाला दे."

येसूनं रेघा ओढल्या. शेजारचा बाळोजी कोष्टी हसला, "ज्वारीची जमीन नि बाई अळू लावतेय! डोकं फिरलं हिचं." पण दोन महिन्यांत अळवाची पानं सुपाएवढी झाली. पहिली टोपली भरली, तोच शिपाई दारात उभा. येसूनं त्याची तलवार पाहिली, ठकीकडं पाहिलं.

"एवढी पोचवते नि आलेच हं, बाळा."

राजवाडा दोन कोसांवर. येसू परतली तेव्हा ठकी गार पडली होती.

"तिसरं काम?" भारद्वाजानं विचारलं.

"भ्याले रे! माझ्या मानेला भ्याले मी," म्हणून येसूनं कपाळ बडवून घेतलं. अळवाच्या वाफ्याशेजारी तिनं पोरीला पुरलं, आणि दुसऱ्या दिवशी सुरणाला माती लावली. रखमा जगायची होती ना.

माठावर नि अळवावर दोघींनी सहा महिने काढले. सुरणाची पानं पिवळी पडली तेव्हा येसूनं गड्डे खणले, घसा खाजू नये म्हणून चिंच घालून शिजवले. वासानं अख्खा गाव कुंपणाशी आला. राजाला वर्दी गेली. तो स्वतःच आला.

"आई, मला?" रखमा म्हणाली.

"तू काल खाल्लंस, बाई. बाळोजीकाकांच्या पोटात चार दिवस काही नाही." आणि तिनं पहिली टोपली बाळोजीपुढं ठेवली. म्हातारा रडतच जेवला.

शिपायानं तलवार उपसली. राजानं हात वर केला. "रिवाज मोडलास. भय नाही वाटलं?"

"मागल्या खेपेला वाटलं होतं, महाराज. तेव्हा टोपली तुम्हाला पोचवली, नि ही इथं निजली."

राजा त्या हातभर ढिगाऱ्याकडं बघत राहिला. "अळू," तो हळूच म्हणाला. "मी अर्धं टाकलं होतं."

मग गावाची पंगत बसली, तसे त्यानं जोडे काढले आणि तो शेवटी जाऊन बसला. वाढता वाढता सुरण संपलं. राजापर्यंत काही आलंच नाही. तो उपाशीपोटी उठला आणि सोन्याचा हंडा डोंगराला परत करायची आज्ञा त्यानं दिली.

हंडा पोचताच डोंगर खाली बसला. राज्यभर ऊन पसरलं. बाया-बापे वेड्यासारखे नाचले. पहिल्या टोपलीचा रिवाज राजानं त्याच दिवशी पालटला. आता ती गावातल्या सगळ्यात उपाशी घरी जाते.

येसू तेवढी नाचली नाही. ऊन ठकीच्या ढिगाऱ्यावर आलं, तशी ती कंबरेवर हात ठेवून सूर्याकडं वळली.

"आत्ता आलास होय रे, मेल्या!" ती ओरडली, आणि मग पदरानं त्या मातीवर सावली धरून बसली. पोरीला उन्हाची सवय नव्हती.